हुकापर्यंत न पोचणारा हात

खांदा नक्की कधीपासून दुखतो, हे पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बाईला सहसा सांगता येत नाही. पहिल्यांदा काय अडलं ते मात्र नेमकं आठवतं. मागचा हुक. मग वेणी घालताना वर न जाणारा हात, मग वरच्या फळीवरचा डबा, आणि शेवटी त्या कुशीवर झोपणंच बंद. तोवर तीन-चार महिने गेलेले असतात. त्या काळात घरातून आणि शेजारून निदानंही होऊन गेलेली असतात: वात आहे, गॅस धरलाय, पंख्याखाली झोपू नकोस, कॅल्शियम सुरू कर.

या सगळ्या चौकशीत एक प्रश्न बहुधा राहून जातो. पाळीचं काय चाललंय?

भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, युरोप-अमेरिकेपेक्षा चार-पाच वर्षांनी कमी. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. पण बीजांडकोशांत बनणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे चढउतार त्याच्या चार-पाच वर्षं आधीच सुरू होतात, कधी त्याहूनही आधी. म्हणून बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी, पाळी दर महिन्याला येत असतानाही, सकाळी बोटं आखडतात आणि टाच टेकवत नाही. ‘माझी पाळी तर अजून चालू आहे’ एवढ्यावरून हा विषय बाजूला ठेवू नये.

इस्ट्रोजेनचं काम गर्भाशयापुरतं नसतं. स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी), सांध्याचं अस्तर, हाड या सगळ्यांतल्या पेशी या संप्रेरकाचा निरोप घेतात. तो कमी झाला की कंडरेची दुरुस्ती मंदावते, सांध्यातला दाह सहज पेटतो आणि स्नायू टिकवणं अवघड होतं. याचा सरळ पुरावा स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्यांतून मिळतो. त्या शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही बनू देत नाहीत, आणि त्या घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांचे सांधे दुखू लागतात. सेसिल आणि आर्चर या अमेरिकी डॉक्टरांनी पाळी जातानाच्या सांधेदुखीचे ५० रुग्ण १९२५ सालीच नोंदवून ठेवले होते. पुढे हा विषय मागे पडला तो पडलाच. २०२४ साली अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ व्होंडा राइट आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या तक्रारी एकत्र मांडल्या. त्यांच्या मांडणीनुसार सत्तर टक्क्यांहून अधिक बायकांना यातलं काही ना काही होतं, आणि सुमारे एक चतुर्थांश बायकांची रोजची कामं त्यानं अडतात.

‘सगळं अंगच दुखतं हो’ या वाक्यावर कोणालाच उपचार करता येत नाही. कुठं दुखतं, कधी दुखतं आणि काय केल्यावर दुखतं, हे तीन धागे धरले की त्या सगळ्या अंगातून वेगवेगळी दुखणी सुटी होतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा निघतो.

खांद्यापासून सुरुवात करू. गोठलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, चाळीस ते साठ या वयातला, बायकांत जास्त आणि मधुमेहात फारच जास्त. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी आधी दाहानं सुजते आणि मग नव्या सुती परकरासारखी आटते. ओळखायची खूण सोपी आहे. कोपर बरगडीला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवा. आता दुसऱ्या कोणालातरी तो हळूच आणखी फिरवायला सांगा. दुसऱ्यानं फिरवूनही तो दुसऱ्या हाताच्या निम्म्याच अंतरावर घट्ट अडत असेल, तर सांधा आखडलाय. स्वतःहून फिरत नाही पण दुसऱ्यानं फिरवला तर सहज जातो, अशा वेळी दोष कंडरेत असण्याची शक्यता जास्त. सांधा आखडलेला निघाला तरी एक एक्सरे काढून त्याची झीज नाही ना, हे पाहावं.

गोठलेल्या खांद्याचे पहिले काही महिने दुखण्याचे, मधले आखडलेपणाचे आणि शेवटचे सुटण्याचे. सगळं मिळून दीड ते तीन वर्षं, आणि काहींचा खांदा त्यानंतरही थोडा अडतोच. चूक बहुतेकदा पहिल्या टप्प्यात होते. हात ‘मोकळा करायला’ कोणीतरी जोर लावून ओढतं, तेल लावून रगडतं, आणि पेटलेली पिशवी आणखी पेटते. रात्रीची झोप उडवणाऱ्या या काळात सांध्याच्या आत दिलेलं स्टेरॉइडचं एक इंजेक्शन जेवढं उपयोगी पडतं, तेवढं वर्षभरानंतर पडत नाही. लोक नेमकं उलट करतात. इंजेक्शन शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात आणि सांधा पुरता आखडल्यावर घेतात. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते. तेव्हा ती रोज मोजायची, एवढंच.

घरी करायचं ते असं. दहा मिनिटं शेक. मग टेबलावर फडकं ठेवून त्यावर हात, आणि कमरेतून वाकत फडकं पुढं सरकवणं. मग उताणं झोपून, कोपर अंगाशी ठेवून, लाटण्याची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि चांगल्या हातानं दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायचं. पाच-सहा वेळा, दिवसातून तीनदा. व्यायामानंतरची कळ दहा-पंधरा मिनिटांत बसली पाहिजे. रात्रभर ठणकलं तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करा. आणि साखर माहीत नसेल तर ती याच आठवड्यात तपासा. पुष्कळ बायकांचा मधुमेह आणि थायरॉइड या खांद्यामुळेच सापडतो.

दुसरं दुखणं खुब्याचं. डॉक्टर बदलत राहूनही ते वर्षानुवर्षं चुकीच्या नावानं हिंडतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, वरच्या टोकाशी, हाताला लागणाऱ्या हाडावर दुखतं. त्या कुशीवर झोपता येत नाही. जिना चढताना, एका पायावर उभं राहून साडीत पाय घालताना चमक येते. बाई ‘नस दबली’ म्हणते, कमरेचा एमआरआय होतो, त्यात मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात, आणि पुढची दोन वर्षं कमरेला पट्टा. खरं म्हणजे पन्नाशीतल्या ज्यांना काहीच दुखत नाही, अशांपैकीही सुमारे ऐंशी टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये चकत्यांची झीज दिसते. सायटिकाची कळ बहुधा गुडघ्याखाली, पावलापर्यंत जाते आणि सोबत मुंग्या येतात. हे दुखणं सहसा गुडघ्याच्या वरच थांबतं. दुखऱ्या पायावर एकट्यानं तीस सेकंद उभं राहा. खुब्याच्या बाहेर तीच ओळखीची कळ आली, तर दोष नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांत आहे.

या कंडरांना दाब सोसत नाही. मांडी आत वळली की त्या हाडावर दाबल्या जातात. म्हणून पायावर पाय टाकून बसणं, ओट्याशी सगळा भार एका कुल्ल्यावर टाकून तासभर उभं राहणं, खोल सोफा, कुशीवर झोपताना वरचा पाय पुढं टाकणं, हे सगळं बंद. झोपताना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मावेल अशी उशी दोन पायांत. यूट्यूबवर पाहून पाय आडवा ओढून ताण देणाऱ्या व्यायामानं इथं हमखास वाढतं, कारण त्यात नेमका तोच दाब पडतो. ताकद मात्र लागते. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. जमू लागलं की पायात रबरी पट्टा अडकवून आडवी पावलं. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ आठवड्यांनी, अशी समज आणि व्यायाम मिळालेल्यांपैकी ७७ टक्के जणांनी आपण बरंच सुधारल्याचं सांगितलं. इंजेक्शनवाल्यांत हा आकडा ५८ टक्के होता, नुसती वाट पाहणाऱ्यांत २९. म्हणजे खांद्याला लवकर इंजेक्शन आणि खुब्याला आधी व्यायाम. दोन्हीला ‘सांधेदुखी’ म्हणून एकच गोळी लिहून दिली की हा फरक हरवतो.

टाचेचं तसं लवकर ओळखू येतं. सकाळचं पहिलं पाऊल टाचेखाली सुई टोचल्यासारखं, दहा पावलांनी बरं, दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. एक्सरेत ‘हाड वाढलंय’ असं निघतं आणि बाई घाबरते. ते टोक न दुखणाऱ्या टाचांतही दिसतं, त्याला हात लावायची गरज नसते. घरातल्या टाइल्सवर अनवाणी चालणं आधी थांबवा, जाड मऊ तळाची चप्पल घरात घाला. मग जिन्याच्या पायरीवर पंज्यावर उभं राहा, बोटांखाली गुंडाळलेला नॅपकिन ठेवा, तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, एक दिवसाआड. जमतील तशा फेऱ्या वाढवा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात सोडून देणाऱ्याच जास्त.

हातांची दुखणी चार आणि चारही वेगळी. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, ते मनगटातल्या नसेचं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. अंगठ्याच्या बाजूनं मनगटात कळ, कणीक मळताना आणि कपडे पिळताना जास्त, ती कंडरेच्या आवरणाची. बोट वाकतं आणि कट्‌कन सुटतं, ते तळव्यातल्या कंडरेच्या बोगद्याचं. त्यावर एका इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो. आणि बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर कडक गाठी येतात, ती झीज. ती बहुधा आईलाही होती. तिच्यानं बोटं वाकडी दिसतात, पण दोन-तीन वर्षांत दुखणं पुष्कळदा निवतं. त्या काळात डायक्लोफिनॅकचं जेल दिवसातून तीनदा लावणं पोटात गोळी घेण्यापेक्षा शहाणपणाचं.

सगळंच काही पाळीच्या खात्यात टाकता येत नाही. सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकतो, दोन्ही हातांच्या मुठीचे सांधे सुजलेत, बाजूनं दाबले की ओरडायला होतं, तर तो रुमॅटॉइड संधिवात असू शकतो. त्यात पहिले काही महिने मोलाचे, कारण औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात. आपल्याकडे चिकुनगुन्याही विसरू नये. ताप पाच दिवसांत जातो, सांधे कधी कधी वर्षभर धरून ठेवतो. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर दोन्ही मांड्या दुखू लागल्या तर तसं डॉक्टरांना सांगा. आणि डावा खांदा किंवा जबडा फक्त जिना चढताना दुखून बसल्यावर थांबत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे न जाता त्याच दिवशी ईसीजी काढा. पाळीनंतर बायकांच्या हृदयाचं संरक्षणही कमी होतं.

तपासण्या थोड्याच पुरतात: साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, दाह कळण्यासाठी ईएसआर किंवा सीआरपी, ड जीवनसत्त्व आणि बी-१२. बी-१२ शाकाहारी घरांत कमी सापडतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत आणखी कमी. ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर मांड्यांची ताकद जाते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. डॉक्टर बहुधा साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे देतात. ती जेवणानंतर किंवा दुधातून घ्यावी. नंतर ती महिन्याला एकवर येते. पण चिठ्ठी हरवते, पुडी आठवड्याला चालूच राहते, आणि वर्षा-दोन वर्षांनी मळमळ, बद्धकोष्ठ, मुतखडा होतो. तपासण्यांच्या मोठ्या पॅकेजमध्ये आरए फॅक्टर (रुमॅटॉइड संधिवाताची रक्ततपासणी) आणि युरिक ॲसिड फुकट मिळतं, त्यातून नसती भीती पदरात पडते. सुजेशिवायच्या नुसत्या आरए फॅक्टरला फारसा अर्थ नसतो.

युरिक ॲसिडनं तर मराठी घरात मोठंच नुकसान केलंय. इस्ट्रोजेन असेपर्यंत मूत्रपिंडं ते जास्त बाहेर टाकतात, म्हणून पाळीनंतर आकडा थोडा वर जातो. गाउट म्हणजे बहुधा एकच सांधा एका रात्रीत लाल, गरम, हात लावू न देणारा. सगळं अंग दुखण्याचं कारण युरिक ॲसिड नव्हे. पण आकडा पाहून कोणीतरी सांगतं, डाळ बंद, कडधान्यं बंद, दही आंबट म्हणून तेही बंद. ज्या वयात स्नायू टिकवायला प्रथिनं हवीत, त्याच वयात ताटातली उरलीसुरली प्रथिनंही जातात.

हिशोब करून पाहा. साठ किलोच्या बाईला या वयात दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. बशीभर पोह्यांत चार-पाच ग्रॅम, एका पोळीत तीन, वाटीभर पातळ आमटीत चार-पाच. दिवसभराचं सगळं जेवण धरून बेरीज पस्तीस-चाळिसाशी थांबते, आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं काय ती शेंगदाण्याची. ५० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात अकरा, दोन अंड्यांत बारा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत पंचवीस, मोठी वाटीभर घट्ट मटकीच्या उसळीत आठ-नऊ, मासळीच्या १०० ग्रॅममध्ये अठरा-वीस. आमटी घट्ट करा आणि सकाळच्या नाश्त्यातच प्रथिनं आणा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

नुसती प्रथिनं खाऊनही स्नायू होत नाही, त्याला भार लागतो. ‘घरची कामं करते की दिवसभर’ हे खरंच असतं, पण त्या कामांचा भार वर्षानुवर्षं तेवढाच राहतो आणि एकाच पद्धतीनं पडतो. सकाळच्या फेरीनं दम वाढतो, मांडीची ताकद फारशी नाही. स्वतःला तपासायचं तर हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद घटलीय. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीवरून उठणं-बसणं, ओट्यावर हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं, पाठ सरळ ठेवून, कुल्ल्यातून वाकून अर्धी बादली उचलणं. प्रत्येक आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. बारा सहज होऊ लागले की भार वाढवा. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन किलो कणीक, मग पाच. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार एवढं दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं पाहिजे. दुखऱ्या गुडघ्यांनाही हेच लागू. मांडी बळकट झाली की गुडघा बराच सोसतो. तोवर उंच खुर्ची आणि कमोड वापरायला लाजू नका.

आता कॅल्शियम. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलीग्रॅम हवं. दोन कप दूध-दह्यात पाचशेच्या आसपास, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे. ते हाडांसाठी आहे, दुखण्याची गोळी म्हणून घ्याल तर निराशा पदरी येईल. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखतच नाही. म्हणून शिबिरात टाचेवर मशीन लावून मिळालेल्या आकड्यावर औषध सुरू करू नये, निदान कंबर आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीवर (हाडांची घनता मोजणारा एक्सरे) होतं. खोकल्यानं किंवा किरकोळ आपटण्यानं पाठीत एकाएकी तीव्र कळ आली, किंवा उंची चार सेंटीमीटरनं घटली, तर मणका दबला असावा.

संप्रेरकांची गोळी, जेल किंवा पट्टी हा उपाय सांधेदुखीपेक्षा घामाच्या लाटांवर आणि उडालेल्या झोपेवर अधिक खात्रीचा. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांची सांधेदुखी कमी झाली, पण थोडीच. रात्री घामानं चारदा उठणारी बाई नीट झोपू लागली तर तिचं दुखणं मात्र बरंच उतरतं. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना धोका कमी. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर नको.

ज्यांची बीजांडकोशांसकट गर्भपिशवी काढली गेली, त्यांच्यावर हे सगळं एका दिवसात येऊन आदळतं. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कित्येक चाळिशीच्याही आतल्या. बीजांडकोश ठेवले तरी पाळी जाण्याचे बदल एरवीपेक्षा काही वर्षं लवकर येतात. पस्तिसाव्या वर्षी उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बाईचे खांदे-कंबर दुखतात ते ‘कष्टाचं काम म्हणून’, एवढं बोलून तिला वेदनाशामक टोचून परत पाठवणं हा आमच्या मते निष्काळजीपणा आहे. पंचेचाळिशीच्या आत बीजांडकोश गेले असतील, तर वर सांगितलेली अडचण नसल्यास पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकं देण्याचा विचार करायचाच असतो. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जचा कागद शोधा. बीजांडकोश काढले की ठेवले, हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि पुष्कळ जणींना ते कोणी सांगितलेलंच नसतं.

वेदनाशामक गोळ्या आठ-दहा दिवसांसाठी ठीक. महिनोन् महिने घेतल्या तर रक्तदाब चढतो, पोटात जखम होते, मूत्रपिंडं झिजतात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर. त्याहून वाईट म्हणजे नाव नसलेली वाताची पुडी. दोन दिवसांत सगळं दुखणं गायब झालं, भूक वाढली, चेहरा गोल दिसू लागला, साखर चढली, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा दाट संशय घ्यावा. हाडं आधीच विरळ होत असलेल्या वयात ते आणखी पोखरतं. अशी पुडी काही आठवडे घेत असाल तर घाबरून एकदम बंद मात्र करू नका. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि एकाएकी तोडल्यावर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या पाकिटासकट फिजिशियनकडे घेऊन जा. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.